दुपारचा कर्णा

१

त्या दुपारी माझ्या बायकोने, थर्झाने, जेवणाचा कर्णा फार सुरेख फुंकला, एवढंच माझ्या मनात आलं. एक लांब, दोन आखूड, आणि शेवटचा सूर कुठेही न तुटता थेट ओढ्यापर्यंत गेला.

ऑक्टोबरचा महिना होता. मक्याची धाटं उपटून झालेल्या रानात मी नांगर धरला होता. कर्णा वाजला की जूनो आणि केट, माझ्या दोन्ही घोड्या, आपणहून थांबतात आणि घराकडे माना वळवतात. तिथे ओटचा दाणा असतो, हे त्यांना माहीत आहे. त्या दिवशीही त्या थांबल्या. पण दोघींच्या माना वळल्या त्या घराच्या उलट दिशेला, जुन्या रानाकडे. माश्या सतावत असतील असं म्हणून मी त्यांना दटावलं आणि सोडून घराकडे हाकलं. ऑक्टोबरात माश्या नसतात, हे मला घरी पोचेपर्यंत सुचलं नाही.

थर्झाचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते.

"आज लवकर भूक लागली? घेवडे अजून टणक आहेत."

"तू कर्णा फुंकलास म्हणून आलो."

"मी? या हातांनी?" तिने दोन्ही हात वर करून दाखवले. "एकच कान उरलाय तुला, इनॉस. तोही आता गावभर फिरायला लागला वाटतं."

मी पायरीवर बसून राहिलो. पाव भट्टीत गेल्यावर तिने हात धुतले, मागच्या दाराच्या खिळ्यावरचा कर्णा काढला आणि माझ्या डोक्याशी उभी राहून फुंकला. एक लांब, दोन आखूड. शेवटचा सूर फाटला आणि नुसती हवा फुसफुसली. तो नेहमीच फाटतो. मी लढाईवर असताना गाईने लाथ मारली आणि थर्झाचे पुढचे दोन दात गेले, तेव्हापासून तिच्या कर्ण्याचा शेवट तसाच.

मी तिच्याकडे पाहत होतो. आधीचा सूर फाटला नव्हता.

२

एका कानाच्या माणसाला आवाज येतो, आवाजाची दिशा येत नाही. माझा डावा कान मिसिसिपीच्या काठी एका तोफेने नेला. शाळेतल्या पोरांना हे पक्कं ठाऊक आहे. हिवाळ्यात मी मास्तरकी करतो, तेव्हा ज्यांना कुजबुजायचं असतं ती माझ्या डाव्या हाताच्या बाकांवर बसतात. म्हणून मी स्वतःला समजावलं की कर्णा दुसऱ्या कोणाचा असेल, वाऱ्याने आला असेल. आमच्या खोऱ्यात प्रत्येक घराचा कर्णा आहे आणि प्रत्येक बाईची फुंकायची तऱ्हा वेगळी. पुरुष तो कधी फुंकत नाहीत. पुरुषाने फुंकला तर आग लागली किंवा कोणी पडलेल्या झाडाखाली अडकलं असं समजायचं, आणि ऐकेल त्याने बादली, कुऱ्हाड घेऊन धावायचं.

जेबेझ कोल्व्हर हा आमचा शेजारी, सत्तरीचा म्हातारा. कुंपणाशी भेटला तेव्हा मी सहज विचारलं, "काल तुमच्याकडे कर्णा लवकर झाला का? फार सुरेख वाजला."

"आमच्याकडे पत्र्याचा कर्णा नाही, बैलाचं शिंग आहे. माझी बायको ते फुंकते तेव्हा गाय आटते. सुरेख म्हणायला तुझे दोन्ही कान गेले पाहिजेत, मास्तर."

"मग काल कोणाचा होता?"

"तुमचाच की. जुन्या घराकडून आला. म्हटलं थर्झा तिकडे अक्रोड वेचायला गेली असेल."

"तिथे घर कुठे आहे?"

"ते तुझं तू बघ. ऐकलं ते सांगितलं."

जुन्या रानातलं ते घर ओंडक्यांचं होतं. या भूमीवर आल्यावर मी आणि थर्झाने पहिल्यांदा बांधलेलं. आमचा ऑरिन त्यात जन्मला. मी सैन्यात गेलो तेव्हा ती दोघं तिथेच राहत होती. दुसऱ्या हिवाळ्यात खोऱ्यात घटसर्प आला. ऑरिन पाच वर्षांचा होता. त्याची शवपेटी जेबेझने घडवली, खड्डाही त्यानेच खणला. मला कळलं तोवर त्या मातीवर गवत आलं होतं.

परत आल्यावर मी ओढ्याच्या अलीकडे फळ्यांचं घर बांधलं. जुन्या घराचे ओंडके डुकरांच्या खोपटाला लागले. तिथे उभं उरलं ते फक्त दगडी धुराडं. आम्ही तिकडे जात नव्हतो. का जात नाही, हे एकमेकांना कधी सांगावं लागलं नाही.

३

मी शिकलेला माणूस आहे. मुलांना बेरजा शिकवतो, ग्रहणं का लागतात ते सांगतो. म्हणून मी ठरवलं की एक दुपार शेतात न जाता स्वयंपाकघरात बसायचं.

थर्झा समोर सफरचंदं सोलत होती. कर्णा खिळ्यावर होता, मला दिसत होता. चुलीवर डुकराचं खारं मांस तडतडत होतं. ऊन खिडकीतून सरकत टेबलाच्या कडेला आलं आणि कर्णा वाजला.

खिळ्यावरचा कर्णा हललादेखील नाही. थर्झाने सुरी खाली ठेवली.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"रोजच ऐकते."

"कोण आहे?"

"मी आहे," ती म्हणाली. स्वतःचं जुनं चित्र ओळखावं तशा आवाजात. "दात असतानाची."

मला राग आला. भीतीच्या आधी राग आला, हे मला अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी मी मेंढीची लोकर मेणात घोळवली आणि उजव्या कानात घट्ट बसवली. किटलीचा आवाज गेला, सुरीचा गेला. थर्झा काहीतरी बोलत होती, तिचे ओठ फक्त हलत होते. आता जे काही येईल ते मनाचं असेल, आणि मनाचं असेल तर त्याला वठणीवर आणता येईल, असा माझा हिशेब होता.

कर्णा आला तो डाव्या कानात. तोफेनंतर ज्या कानात काहीही शिरलं नव्हतं, त्या कानात स्पष्ट, जवळून. आणि त्या आवाजाला दिशा होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की आवाज कुठून येतो आहे. माझ्या डाव्या अंगाला खिडकी होती, आणि खिडकीपलीकडे जुनं रान.

४

त्यानंतर थर्झाने कर्णा फुंकायचं सोडलं.

"कशाला फुंकू? फुंकला जातोच आहे."

"मी त्या कर्ण्यावर जेवायला येणार नाही."

"नको येऊस. ताट झाकून ठेवीन."

ती स्वतः मात्र जेवेनाशी झाली. दुपारी मागच्या पायरीवर उभी राहायची, कर्णा थांबेपर्यंत. मग आत येऊन माझं ताट वाढायची आणि समोर बसून मला जेवताना पाहायची. तिच्या मनगटांची हाडं दिसायला लागली. एकदा मी पावाचा तुकडा तिच्या हातात दिला, तर तिने तो एप्रनच्या खिशात ठेवला.

"तो कोणासाठी?"

तिने खिशावर हात ठेवला. मग म्हणाली, "विचार करून बघ, इनॉस. मी तिथे उभी राहून जेवायला बोलावते आहे. कोणाला बोलावत असेन? तू तर लढाईवर होतास. म्हणजे तो कुठेतरी खेळत असेल. हाक ऐकून येत असेल."

"थर्झा, तो आपल्या टेकडीवर आहे. जेबेझने पुरला."

"हो. मीही उभी होते तिथे. तू नव्हतास."

हे तिने टोचून म्हटलं नाही.

पण ऐकून घेणं मला शक्य नव्हतं. तीन वर्षं मी पितळी बिगुलाच्या आवाजावर उठलो, झोपलो, धावलो, माणसं मारली. सुटका झाली त्या दिवशी ठरवलं होतं की यापुढे बायकोच्या कर्ण्याशिवाय कुठल्याही आवाजावर उठणार नाही. आता तिचाच कर्णा उसना घेऊन कोणी मला बोलावत असेल, तिला माझ्या घरातून बोलावून नेत असेल, तर मी बसून बघणार नव्हतो. सकाळी मी घोड्यांना साखळी जोडली आणि जुन्या रानात गेलो. धुराड्याच्या चारी बाजूंना बर्चची रोपं माजली होती. साखळी आवळली, घोड्यांना हाक दिली. दुसऱ्या हिसड्याला धुराडं आडवं झालं. चुलीच्या तोंडात राख होती. जुनीच असणार. मी तिला हात लावून पाहिला नाही.

जेबेझ गाडी घेऊन आला.

"दगड चांगले आहेत. फुकट देतोस?"

"घेऊन जा. एकही ठेवू नका."

"माझ्या तळघराची भिंत कधीची खचली आहे. देव तुझं भलं करो, मास्तर. तू असाच वेडा राहा."

संध्याकाळपर्यंत तिथे दगड म्हणून उरला नाही. थर्झाला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. मागे न वळता म्हणाली, "तू तिची चूल पाडलीस." त्यानंतर कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पण कर्णाही वाजला नाही. मी त्यालाच विजय समजलो.

५

बर्फ पडलं आणि शाळा सुरू झाली. आमची शाळा म्हणजे एक खोली, मधोमध शेगडी, आणि बापाएवढे वाढलेले पोरगे. दुपारी मुलं आपापले डबे उघडतात. त्या दिवशी पाव, काकवी आणि ओल्या लोकरीचा वास खोलीत भरला होता. डाव्या बाकांवर कुजबुज चालली असणार, कारण उजवीकडची मुलं हसत होती.

तेवढ्यात डाव्या कानात कर्णा वाजला.

एक लांब, दोन आखूड. सूर तुटला नाही. आणि संपलाही नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. जेवण वाढून ठेवलं आहे आणि कोणी येत नाही म्हटल्यावर बाई जशी पुन्हा पुन्हा बोलावते, तसा.

"मास्तर, बरं वाटत नाही का?" एका मुलीने विचारलं.

"तुम्हाला काही ऐकू येतंय?"

मुलं एकमेकांकडे बघून हसली. मास्तरने हे विचारावं यात त्यांना गंमत वाटली. मी टोपीही न घेता बाहेर पडलो.

घर उघडं होतं. टेबलावर अर्धा कापलेला पाव, चुलीवर घेवड्यांचं भांडं. तिची शाल खुंटीला होती. मागच्या दारातून पावलं निघाली होती, सरळ, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. घाई नसलेल्या माणसाची. मी कर्णा खिळ्यावरून ओढला. का ओढला ते तेव्हा मला माहीत नव्हतं. तिचं काहीतरी माझ्या हातात असावं, एवढंच.

६

ओढा ओलांडल्यावर ती मला दिसली. जुन्या रानाच्या तोंडाशी पोचली होती. मी शेतातून वळसा घेऊन धावलो आणि तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. तोंड तिच्याकडे, पाठ त्या जागेकडे.

पाठीमागून मेपलच्या जळत्या लाकडाचा वास येत होता. मांस तळल्याचा येत होता. गुडघाभर बर्फात माझ्या मानेला ऊब लागत होती.

मी वळलो नाही. यात शौर्य नव्हतं. तिथे ऑरिन दिसला तर थर्झाच्या आधी मीच जाऊन बसेन, हे मला ठाऊक होतं.

"बाजूला हो, इनॉस."

"नाही."

"अन्न निवतंय."

"तुला काय दिसतंय?"

तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे लागली होती. "मी दिसतेय. पाठमोरी. कर्णा काखेत धरलाय आणि वाकून पाणी ओततेय. हात धुवायला ओततात तसं. पुढे कोण आहे ते माझ्या अंगाआड आहे. थोडं बाजूला झाले की दिसेल."

"ती तू असशील तर तुझी जागा भरलेली आहे. तिथे दोघी कशाला?"

तिने या प्रश्नाचा खराखुरा विचार केला. मग म्हणाली, "ती दमली असेल रे. इतकी वर्षं एकटीच बोलावतेय."

ती एक पाऊल पुढे आली. तिचा हात माझ्या छातीला लागला. मला दूर सारायला तिला जोर लावावा लागला नसता, कारण माझ्यात जोर राहिला नव्हता. होता तो नुसता हट्ट. मी मास्तरच्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, मागे न बघता बोललो.

"ऐका. तुम्ही कोणीही असा. दुपारचं जेवण आमच्या घरी असतं. ज्याला भूक असेल त्याने आमच्या दारात यावं, त्याला वाढू. आम्ही इकडे येणार नाही. ही बाई येणार नाही. तुम्ही बोलवावं आणि आम्ही उठावं, हे आजपासून बंद."

मागे पाणी ओतल्याचा आवाज थांबला. तो मला डाव्या कानाने ऐकू येत होता, हे तो थांबल्यावर कळलं. मग माझ्या मानेवरची ऊब वाढली. कोणीतरी दार पूर्ण उघडावं तशी.

मी कर्णा तोंडाला लावला आणि फुंकला. मला फुंकता येत नाही. वासरू हंबरल्यासारखा आवाज निघाला. पुन्हा फुंकला, पुन्हा. श्वास संपेपर्यंत. थोड्या वेळाने कोल्व्हरांच्या घराकडून बैलाचं शिंग उठलं. मग टेकडीपलीकडून नॉर्वेहून आलेल्या लोकांचा कर्णा, मग त्याच्याही पलीकडचा. उजव्या कानात सगळं खोरं ओरडत होतं. डाव्या कानात तो एकच सूर, न तुटणारा, न रागावणारा.

थर्झाने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काय केलंस हे? सगळी माणसं धावत येतील."

"येऊ देत."

"घरात घेवड्यांचं एक भांडं आहे."

"पाणी घाल त्यात."

"लोक बादल्या घेऊन आग विझवायला यायचे आणि मी त्यांच्यापुढे पाणचट घेवडे ठेवू?" तिच्या कपाळावर आठी पडली. "तळघरातला हॅम काढावा लागेल. आणि तुझी टोपी कुठाय?"

ती आठी रोजच्या थर्झाची होती. ती वळली आणि तरातरा घराकडे निघाली. मी तिच्या मागून गेलो, तिला माझ्या अंगाआड धरून. ओढ्यापर्यंत मानेवरची ऊब गेली नाही.

७

माणसं आली. टेकडीपलीकडची गुनहिल्ड मोएन दोन बादल्या घेऊन अंगणात धापा टाकत उभी राहिली.

"आग कुठाय?"

"आग नाही. जेवायला बसा."

"मास्तर, पुरुषाने फुंकला की..."

"माहीत आहे. चूक झाली. दंड म्हणून दोनदा वाढून घे."

"तुमच्या शाळेत हेच शिकवता का पोरांना?" ती म्हणाली आणि बूट झटकून आत आली. पाठोपाठ शाळेतली मुलंही आली. बाक अपुरे पडले, पिंपं उलटी घातली. थर्झा पळी घेऊन माणसामाणसापाशी जात होती, मुलांना हळू खायला सांगत होती. मी विश्वास बसत नसल्यासारखा तिच्याकडे बघत होतो. कर्णा वाजत होताच. मी त्याकडे लक्ष देत नव्हतो, निदान तसं दाखवत होतो.

जेबेझ सर्वांत शेवटी आला. दारात उभा राहिला आणि आत यायचं विसरला.

"या की," मी म्हणालो.

"मी जुन्या वाटेने आलो," तो म्हणाला. "जवळची पडते. धूर दिसला, म्हटलं आग इथेच आहे. धुराडं पेटलं असेल." एवढं बोलून तो थांबला. ते दगड आपल्याच तळघरात आहेत हे त्याला तेव्हा आठवलं असावं. त्याने जीभ ओठांवरून फिरवली. "थर्झा दारात होती. म्हणाली, कोल्व्हरकाका, आग नाही, जेवण आहे, बसा." त्याने पळी धरून उभ्या असलेल्या थर्झाकडे पाहिलं. "मला काका म्हणणं तू कधीचं सोडलंस, पोरी."

गुनहिल्डने हातातला चमचा खाली ठेवला.

"बसलात?" मी विचारलं.

"हातात बादली होती. म्हटलं, बादली ठेवून येतो." बादली अजून त्याच्या हातात होती. बोटं कडीवर पांढरी पडली होती.

थर्झा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तिथे पोर होतं का?" तिने विचारलं. अगदी हळू, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. "लहान. पाच वर्षांचं."

जेबेझने आधी जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या म्हाताऱ्याचे डोळे पाण्याने भरले होते. थंडीने असतील. तो माझ्याकडे फार वेळ बघत राहिला आणि मीही नजर काढली नाही. तो काय विचारत होता ते मला कळलं, आणि मी काय उत्तर दिलं ते त्यालाही कळलं असणार. पण त्याने पाहिलं ते काय, हे मी आजवर त्याला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

"नव्हतं," तो म्हणाला. "तू एकटीच होतीस."

थर्झा तशीच उभी राहिली. माझ्या डाव्या कानात कर्णा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, थोडा अधिक जवळून. तिलाही तो ऐकू येत होता. तिची मान किंचित तिकडे वळली, घोड्या वळवतात तशी. मग तिने ती सरळ केली.

"एकटीच," ती म्हणाली.

तिने पळी माझ्या हातात दिली, जेबेझच्या बोटांतून बादली सोडवून दाराबाहेर ठेवली, दार लावलं आणि बाकावर जागा करून बसली. एक रिकामं ताट पुढे ओढलं.

"वाढ," म्हणाली.

कर्णा वाजतच होता. मी वाढलं.